अर्थ मिळत नाही की अर्थ लागतोय? बाईकच्या वायरिंगमधले दोन उलटे फॉल्ट

"अर्थिंगचा प्रॉब्लेम आहे" हे वाक्य गॅरेजमध्ये ऐकलं नाही असा बाईकवाला सापडणं कठीण. सेल्फ दमलेला फिरतो, अर्थिंग. ब्रेक दाबला की मीटरमधले दिवे मंद होतात, अर्थिंग. न्यूट्रलचा हिरवा दिवा गिअर टाकला तरी विझत नाही, तेही अर्थिंगच. आता यातले पहिले दोन आणि तिसरा हे एकमेकांच्या बरोब्बर उलटे फॉल्ट आहेत. पहिल्या दोनमध्ये जिथे अर्थ (करंटचा बॅटरीकडे परतायचा रस्ता) पाहिजे तिथे तो मिळत नाहीये, आणि तिसऱ्यात जिथे अर्थ नको तिथे तो लागतोय. एकाला जोडणी साफ करून घट्ट करायची असते, दुसऱ्यात नको ती जोडणी शोधून तोडायची असते, आणि दोन्हीला एकच नाव असल्यामुळे माणूस चुकीच्या टोकाला रविवार घालवतो. मी घातलाय म्हणून सांगतो.

आधी थोडं मुळातलं. करंटला बॅटरीच्या प्लसवरून निघून मायनसला परत यायला रस्ता लागतो. परत यायच्या रस्त्यासाठी प्रत्येक ठिकाणी वेगळी वायर ओढण्याऐवजी बाईकची चेसिस आणि इंजिनचा धातूच वापरतात, बॅटरीच्या मायनसची जाड वायर इंजिनला किंवा चेसिसला बोल्टने आवळलेली असते, तोच बॉडी अर्थ. हार्नेसमधल्या (वायरींच्या जुडग्यातल्या) बारीक अर्थच्या वायरी एकत्र होऊन शेवटी तिथेच कुठेतरी येतात. रंग मात्र कंपनीनुसार बदलतो, होंडाच्या आणि त्या घराण्यातून आलेल्या हिरोच्या बऱ्याच गाड्यांत अर्थ हिरवा असतो आणि काळी वायर चावी ऑन केल्यावर प्लस होते, तर यामाहात काळी म्हणजेच अर्थ, सुझुकीत काळ्यावर पांढरी रेघ. त्यामुळे मित्राच्या यामाहावर शिकलेलं "काळी म्हणजे अर्थ" हे होंडावर वापरलंत तर सरळ फ्यूज उडेल. आपल्या मॉडेलचा वायरिंग डायग्राम आधी बघा, मगच कात्री उचला.

आता माझी गोष्ट. दीडशे सीसीची गाडी, घर कोकणात, म्हणजे चार महिने पाऊस आणि बारा महिने खारी हवा. एका जुलैमध्ये सेल्फ "कट कट" करायला लागला, किकवर मात्र लगेच चालू. गॅरेजमध्ये बॅटरी गेली म्हणाले, नवी घातली, पंधरा दिवस बरं चाललं आणि पुन्हा तेच. नवी बॅटरी, बिनलोडचे १२.७ व्होल्ट, म्हणजे भरलेली, आणि तरी सेल्फ मेल्यासारखा. एकदा जिद्दीने बटण चार-पाच वेळा दाबून धरलं तेव्हा लक्षात आलं की क्लच केबल हाताला गरम लागतेय. तिथे सगळं कळलं. इंजिनला बॅटरीच्या मायनसकडे जायचा स्वतःचा रस्ता नीट राहिला नव्हता म्हणून सेल्फचा एवढा मोठा करंट मिळेल त्या रस्त्याने, म्हणजे क्लच आणि ॲक्सिलरेटरच्या केबलमधल्या तारेतून वाट काढत होता. केबल गरम होणं ही खराब इंजिन अर्थची अगदी पक्की खूण आहे, आणि ती दिसली की बटण परत दाबू नका, केबल आतून जळते.

मायनसची वायर इंजिनला जिथे बोल्टने धरली होती तिथलं थिंबल, म्हणजे वायरच्या टोकाची धातूची रिंग, वरून ठीक दिसत होतं, खाली हिरवट-पांढरा थर. पॉलिश पेपरने थिंबल आणि इंजिनचा धातू चकचकीत केला, दात असलेला वायसर घातला, घट्ट आवळलं आणि मग वरून पेट्रोलियम जेली लावली. हा क्रम महत्त्वाचा आहे, आधी धातूला धातू आवळायचा आणि जेली नंतर बाहेरून, पाणी आत शिरू नये म्हणून. तीस रुपयांचंही सामान लागलं नाही आणि जुनी बॅटरी बहुतेक चांगलीच होती.

हा फॉल्ट फसवा का, तर कमी करंटला तो दिसतच नाही. मल्टिमीटर कंटिन्युटीवर (जोडणी सलग असेल तर बीप देणाऱ्या सेटिंगवर) ठेवून इंजिन आणि मायनस तपासलं तर मस्त "बीप" वाजतं आणि आपण म्हणतो अर्थ ओके. अहो पण गंजलेल्या थिंबलला एक तार चिकटलेली असली तरी बीप वाजतं. समजा सेल्फ मोटर ८० अँपिअर खेचते आणि त्या जोडणीत फक्त ०.०५ ओहम अडथळा आहे, तर ८० गुणिले ०.०५ म्हणजे ४ व्होल्ट तिथेच खाऊन टाकले, मोटरला उरले जेमतेम आठ. आणि ०.०५ ओहम साध्या मीटरवर मोजताच येत नाही, त्याच्या स्वतःच्या वायरींचाच अडथळा त्याहून जास्त असतो. उलट न्यूट्रलचा बल्ब दीड-दोन वॅटचा, तो पाव अँपिअरसुद्धा घेत नाही, एवढ्याला अर्धवट जोडणीही पुरते. म्हणून अर्थ खराब असतानाही न्यूट्रल लाईट छान पेटलेली आणि सेल्फ मात्र मेलेला, असं चित्र दिसतं आणि सगळा आळ बॅटरीवर जातो.

म्हणून मोजायचं ते लोड टाकून. मीटर डीसी २० व्होल्टवर, एक टोक बॅटरीच्या मायनस टर्मिनलला, दुसरं इंजिनच्या रंग नसलेल्या धातूला, आणि कोणाला तरी सेल्फ दाबायला सांगा. चांगल्या जोडणीत आकडा ०.२ व्होल्टच्या आसपास किंवा खाली राहतो, अर्धा व्होल्ट किंवा जास्त दिसला की दोषी सापडला. त्याच वेळी बॅटरीच्या दोन टर्मिनलवरही बघा, सेल्फ फिरताना तिथेच साडेनऊच्या खाली कोसळत असेल तर मग बॅटरीच दमलेली. हीच दोन मोजमापं त्या दिवशी कोणी केली असती तर माझी बॅटरी वाचली असती.

दिव्यांमध्येही अर्थ मिळत नसल्याच्या खुणा अशाच विचित्र असतात. टेललॅम्पच्या बल्बमध्ये दोन फिलामेंट असतात आणि दोघांचा अर्थ एकच. तो तुटला की ब्रेक दाबल्यावर करंट दुसऱ्या फिलामेंटमधून उलटा फिरून टेलच्या लाईनमध्ये शिरतो आणि मीटरचे बॅकलाईट अंधुक पेटतात, म्हणजे दाबला मागे आणि उजेड पुढे. एक गोष्ट दाबल्यावर भलतीच गोष्ट पेटते किंवा मंदावते, असं दिसलं की पहिला संशय हरवलेल्या अर्थवर घ्या. एक अपवाद मात्र आहे. एलईडी इंडिकेटर लावल्यावर डावा दिला तरी चारही लुकलुकायला लागले तर बहुतेक वेळा फॉल्ट नसतोच, ज्या गाड्यांत मीटरमध्ये दोन्ही बाजूंना मिळून एकच इंडिकेटर बल्ब असतो तो डाव्या-उजव्या लाईनच्या मध्ये जोडलेला असतो आणि दुसऱ्या बाजूच्या बल्बमधून अर्थ घेतो, त्याच्यातून जाणाऱ्या थोड्याशा करंटवर एलईडी पेटतात. त्याला दोन डायोड (करंट एकाच दिशेने जाऊ देणारे) लावायचे, अर्थ घासत बसायचं नाही. रंग किंवा पावडर कोटिंग करून आणलेल्या चेसिसवर तर अर्थ न मिळणं हमखास होतं, अर्थच्या बोल्टखाली रंगाचा जाड थर, सगळं नवं कोरं आणि एकही दिवा धड नाही.

आता दुसरा फॉल्ट. पुढच्याच वर्षी त्याच गाडीची न्यूट्रल लाईट कायमची लागली. पहिल्या अनुभवाने मी शहाणा झालेलो, म्हटलं अर्थिंगच असणार, टाकी उतरवून सापडेल तो अर्थचा बोल्ट घासला. काही फरक नाही, पडणारच नव्हता. कारण हे दिवे उलट्या पद्धतीने चालतात. न्यूट्रलच्या बल्बला चावी ऑन केल्यावर प्लस कायम मिळतो, आणि इंजिनवरचा न्यूट्रल स्विच गाडी न्यूट्रलला आली की त्याला अर्थ देतो. स्विच म्हणजे फक्त अर्थ देणारा हात. मग बल्बपासून स्विचपर्यंतची वायर कुठे सोलून बॉडीला टेकली तर बल्बला वाटणार की न्यूट्रल आहे. मी चांगला अर्थ अजून चांगला करत होतो आणि फॉल्ट होता नको त्या ठिकाणी मिळालेला अर्थ.

आणि हा फॉल्ट दिव्यापुरता राहत नाही. बऱ्याच गाड्यांत सेल्फला परवानगी या न्यूट्रलच्या वायरवरूनच मिळते, न्यूट्रल असेल किंवा क्लच दाबलेला असेल तरच सेल्फ. वायर बॉडीला लागली की गाडीच्या दृष्टीने ती कायम न्यूट्रलमध्ये, मग पहिल्या गिअरमध्ये क्लच न दाबता बटण दाबलं तर गाडी पुढे उडी मारते. साईड स्टँड खाली असताना गिअर टाकला की इंजिन बंद पडायची सोय असेल तर तीही गेली. माझ्या अंगणात गाडी भिंतीवर गेली, समोर पोरगं असतं तर काय, हा विचार अजून येतो. म्हणून हिरवा दिवा विझत नसेल तर "चालतंय, नंतर बघू" म्हणू नका.

दोन्हीतला फरक ओळखायची युक्ती एकच आहे आणि ती दोन मिनिटांची आहे. स्विचवरची वायर काढा. दिवा कायम लागलेला असेल आणि वायर काढल्यावर विझला, तर वायर चांगली, स्विच आतून चिकटलाय. वायर काढूनही दिवा चालूच, तर वायर मध्ये कुठेतरी बॉडीला लागतेय. आणि दिवा कधीच लागत नसेल तर उलटं करा, काढलेलं टोक चावी ऑन ठेवून इंजिनच्या स्वच्छ धातूला टेकवा. पेटला तर स्विच खराब, नाही पेटला तर बल्ब गेलाय किंवा वायर तुटलीय. हे फक्त अशा साध्या स्विचच्या वायरवर करायचं. १ एप्रिल २०२० पासूनच्या बीएस-६ गाड्यांत जवळपास सगळीकडे फ्यूएल इंजेक्शन आणि ईसीयू (इंजिन सांभाळणारा छोटा कॉम्प्युटर) आहे, तिथल्या सेन्सरच्या वायरी अशा टेकवून बघायच्या नाहीत, त्या बहुतेक पाच व्होल्टच्या लाईनी असतात आणि ईसीयू महाग असतो.

ऑईल प्रेशरचा दिवा ज्या गाड्यांत आहे तिथेही हीच रचना, प्रेशर नसताना स्विच अर्थ देतो, प्रेशर आलं की तोडतो. म्हणजे चावी ऑन, इंजिन बंद असताना लाल दिवा लागलाच पाहिजे. नाही लागला तर त्याला चांगली बातमी समजू नका, वायर तुटली असेल आणि खरंच प्रेशर गेलं तरी तो गप्पच राहील. स्विच बदलताना गळू नये म्हणून आट्यांना भरपूर टेफ्लॉन टेप गुंडाळली की स्विचला इंजिनचा अर्थच मिळत नाही, असंही होतं. चालत्या गाडीत दिवा लागला तर मात्र आधी इंजिन बंद, ऑईल बघा, वायरिंगचा विचार त्यानंतर.

एबीएसचा (जोरात ब्रेक लावल्यावर चाक लॉक होऊ न देणाऱ्या यंत्रणेचा) दिवा या हिशोबात बसत नाही. १२५ सीसीवरच्या सगळ्या नव्या गाड्यांना २०१९ च्या एप्रिलपासून एबीएस आलं, त्याचा दिवा एबीएसचं स्वतःचं मॉड्यूल (कंट्रोल बॉक्स) चालवतं, चावी ऑनला लागतो आणि गाडी थोडी पळाली की विझतो. बॅटरी किंवा मॉड्यूलचा अर्थ कमकुवत असला तरी तो लागून राहू शकतो, म्हणजे इथे दिवा पेटलाय म्हणून वायर बॉडीला लागली असा निष्कर्ष काढता येत नाही.

आणि फ्यूजबद्दल, कारण इथेही गोंधळ होतो. "फ्यूज शाबूत आहे म्हणजे कुठे शॉर्ट नाही" हे खरं नाही. बल्बच्या आधीची प्लसची वायर बॉडीला लागली तर फ्यूज उडतो, पण बल्बच्या पुढची, स्विचकडे जाणारी लागली तर मध्ये बल्ब असतोच, तोच करंट अडवतो, फ्यूज हूं की चूं करत नाही. फ्यूज वारंवार उडत असेल तर त्याच्या जागी २१ वॅटचा बल्ब दोन वायरींनी जोडा आणि त्या फ्यूजवरचे दिवे-हॉर्न सगळे बंद ठेवा. शॉर्ट असेल तर बल्ब लख्ख पेटतो, मग हँडल दोन्हीकडे फिरवत, हार्नेस जागोजाग हलवत जा, जिथे हलवल्यावर बल्ब मंदावतो तिथे वायर सोललेली आहे. हँडलखाली चेसिसच्या मानेपाशी, टाकीखाली, सीटखालच्या कडेला, आणि गाडी महिनाभर उभी असेल तर उंदरांनी कुरतडलेली कुठेही. फ्यूजच्या जागी तार किंवा चांदीचा कागद मात्र कधीच लावू नका, गाडी पेटते.

माझी वायर पुढच्या स्प्रॉकेटच्या (चेनच्या दातेरी चाकाच्या) कव्हरखाली सापडली. प्लास्टिकची क्लिप तुटलेली, वायर चेनच्या ग्रीस-चिखलात कव्हरच्या कडेवर घासून तांबं उघडं. तेवढा तुकडा कापून सोल्डर केला, वर उष्णतेने आवळणारी स्लीव्ह चढवली, वायर कडेपासून लांब नेऊन नवी क्लिप लावली. मग गाडी सेंटर स्टँडवर घेऊन पहिला गिअर टाकला, दिवा विझला, क्लच न दाबता सेल्फचं बटण दाबलं, आणि मोटर हलली नाही.