स्पीकरची उतरंड: घरगुती लाइन अरेमागचा इतिहास

'लाइन अरे' म्हटलं की बहुतेकांच्या डोळ्यांसमोर मोठ्या मैदानावरचा कार्यक्रम येतो: स्टेजच्या दोन्ही बाजूंना साखळीने टांगलेल्या, खालपर्यंत वाकत आलेल्या पेट्या. त्यामुळे कुणी घरी प्लायवूड आणि तीन-साडेतीन इंची स्वस्त ड्रायव्हर (पेटीत बसवायचे सुटे स्पीकर) आणून लाइन अरे बांधायला घेतला, तर पाहणाऱ्याला ती त्या महागड्या पेट्यांची नक्कल वाटते. नातं खरं तर उलटं आहे. घरातला हा उभा खांब ज्या घराण्यातला, ते घराणं टांगलेल्या पेट्यांच्या निदान चाळीस वर्षं आधीचं. आणि त्याची सुरुवात संगीतासाठी नाही, बोललेला शब्द कळावा म्हणून झाली.

एकट्या स्पीकरचा आवाज फुग्यासारखा सगळीकडे पसरतो. अंतर दुप्पट झालं की तो ६ डेसिबलने पडतो. तेच स्पीकर एकाखाली एक रचून उभी रेघ केली, तर आवाज वर-खाली न सांडता आडवा पसरतो, आणि काही अंतरापर्यंत तरी दुप्पट अंतराला फक्त ३ डेसिबल पडतो. अमेरिकेत आरसीए कंपनीतल्या हॅरी ओल्सन यांनी १९४० च्या आपल्या ग्रंथात अशा रेघेतून आवाज कोणत्या दिशेला किती जातो याचं गणित मांडलं होतं. रेघ जितकी लांब आणि सूर जितका उंच, तितका झोत अरुंद. आजही घरी बांधणारा माणूस याच गणितापासून सुरुवात करतो.

त्याचा खरा कस लागला लंडनच्या सेंट पॉल कॅथेड्रलमध्ये. त्या प्रचंड घुमटाखाली एक शब्द उच्चारला की तो दहा-अकरा सेकंद घुमत राहायचा. पुढचा शब्द मागच्याच्या घुमण्यात बुडून जायचा. १९५० च्या दशकाच्या सुरुवातीला ध्वनितज्ज्ञ पार्किन आणि टेलर यांनी तिथे स्पीकरचे उंच, उभे खांब बसवले. आवाज घुमटाकडे जाऊच द्यायचा नाही, समोर बसलेल्यांच्या कानांच्या पातळीवरच ठेवायचा, असा विचार होता. मागच्या रांगांजवळच्या खांबांना त्यांनी मुद्दाम थोडा उशीर लावला, म्हणजे आवाज वक्त्याकडूनच आल्यासारखा वाटावा. इलेक्ट्रॉनिक डिले तेव्हा नव्हताच. फिरत्या चुंबकीय चाकावर आवाज टिपायचा आणि किंचित पुढे बसवलेल्या हेडने परत वाचायचा! मला या सगळ्या इतिहासात हा प्रसंग सर्वांत जवळचा वाटतो, कारण जास्त वॅट ओतून न सुटणारा प्रश्न इथे नुसत्या मांडणीने सुटला.

आपल्याकडे शाळेच्या सभागृहात, मंदिराच्या सभामंडपात भिंतीला टेकून उभे असलेले करडे, अरुंद कॉलम स्पीकर याच वंशातले. मैदानावर कर्णा आणि आत कॉलम, हा हिशोब साउंडवाल्यांच्या अंगवळणी पडलेला. त्या कॉलमची जाळी काढली की आत चार किंवा सहा साधे कागदी कोनाचे, म्हणजे शंकूचे, स्पीकर ओळीने दिसतात.

पण या कॉलममध्ये एक मूळ दोष होता, आणि पुढचा सगळा इतिहास त्या दोषाभोवतीच फिरतो. दोन ड्रायव्हरच्या केंद्रांमधलं अंतर आवाजाच्या तरंगलांबीपेक्षा लहान असेल, तोवर सगळे मिळून एकच रेघ असल्यासारखे वागतात. अंतर मोठं झालं की प्रत्येक जण सुटा बोलतो. मग कुठे आवाज एकमेकांत मिसळून वाढतो, कुठे एकमेकांना खाऊन टाकतो. १००० हर्ट्झची तरंगलांबी सुमारे ३४ सेंटिमीटर, १०,००० हर्ट्झची जेमतेम साडेतीन. सहा इंची स्पीकर साडेतीन सेंटिमीटरवर बसवणार कसे? क्लेपर आणि स्टील यांनी १९६३ मध्ये कॉलमच्या टोकांकडे काचतंतूंचा थर वाढवत नेण्याचा मार्ग दाखवला. उंच सूर टोकांकडे दबायचे आणि त्यांच्यापुरती रेघ आखूड व्हायची. बाजारातल्या बहुतेक कॉलमना मात्र इतका खर्च परवडणारा नव्हता.

रॉक संगीताने साठच्या दशकाच्या अखेरीस हेच कॉलम गायकाच्या दोन्ही बाजूंना उभे केले. १९७४ मध्ये ग्रेटफुल डेड या अमेरिकन वाद्यवृंदाने तर 'वॉल ऑफ साउंड' नावाची भिंतच उभारली. प्रत्येक वाद्याला स्वतःचे उंच खांब, आणि सगळे वादकांच्या पाठीमागे. ती वाहून नेणं आणि बांधणं इतकं अवघड होतं की त्याच वर्षी ती मोडीत निघाली. पुढे बराच काळ स्टेजवर हॉर्नच्या पेट्यांचे ढीगच राहिले.

उंच सुरांचं कोडं सोडवलं फ्रान्समध्ये. पदार्थविज्ञानाचे अभ्यासक क्रिस्तियाँ हील यांनी १९८४ मध्ये एल-अकूस्टिक्स कंपनी काढली आणि १९९२ मध्ये मार्सेल अर्बन यांच्यासोबत आपला सिद्धान्त मांडला. ड्रायव्हर जवळ आणता येत नसतील, तर ड्रायव्हरपासून पेटीच्या तोंडापर्यंतच्या सगळ्या वाटा सारख्या लांबीच्या करायच्या, म्हणजे लहरी तोंडातून सपाट पट्टीसारख्या एकाच वेळी बाहेर पडतात. अशा पट्ट्या एकाखाली एक लावल्या की मधे फटच उरत नाही. त्यातून व्ही-डॉस्क ही प्रणाली आली, आणि पाठोपाठ आजच्या सगळ्या टांगत्या पेट्या.

घरातली रेघ या वाटेने आलीच नाही. १९८० च्या सुमारास मॅकिन्टॉशच्या एक्सआरटी २० मध्ये २४ ट्विटरचा (फक्त उंच सुरांच्या छोट्या स्पीकरचा) खांब होता, इन्फिनिटीच्या आयआरएसमध्ये रिबनसारख्या पातळ ट्विटरच्या रांगा होत्या. दोन्ही सामान्य माणसाच्या आवाक्याबाहेरचे. हौशी लोकांच्या हाती ही गोष्ट आली ती २००० नंतर. अमेरिकेत सुटे भाग विकणारी दुकानं कारखान्यातून उरलेले ड्रायव्हर अगदी कमी दरात काढत होती. एकेकटा घेतला तर फारसा कामाचा नाही, पण सोळा किंवा पंचवीस घेतले तर चित्र बदलतं. त्याच सुमारास जिम ग्रिफिन यांनी घरगुती रेघेसाठी मार्गदर्शक टिपण लिहिलं. त्यांचा मुख्य सल्ला असा की रेघ खोलीच्या उंचीच्या निदान ७० टक्के असावी. जमीन आणि छत आरशासारखी वागतात, त्यांतल्या प्रतिबिंबांमुळे रेघ वर-खाली पुढे चालू असल्यासारखी भासते. हे फार मोलाचं आहे, कारण दोन मीटरच्या रेघेचा ३ डेसिबलचा नियम १००० हर्ट्झला सुमारे सहा मीटर टिकतो, पण १०० हर्ट्झला जेमतेम हातभर.

स्वस्त ड्रायव्हर का चालतात, तेही याच मांडणीत आहे. आठ ओहमचे २५ ड्रायव्हर घ्या, पाच-पाच सिरीजमध्ये जोडा आणि अशा पाच माळा पॅरललमध्ये. अ‍ॅम्प्लिफायरला पुन्हा आठच ओहम दिसतात. २५ वॅट सोडले तरी एकेकाच्या वाट्याला एकच वॅट येतो. कोन जेमतेम हलतो, त्यामुळे स्वस्त ड्रायव्हरचा चिरका, फाटका आवाज बाहेर येतच नाही.

मी पहिल्यांदा सोळा ड्रायव्हरचा खांब बांधला, तेव्हा दिसायला मोकळं दिसावं म्हणून भोकांच्या केंद्रांत १२ सेंटिमीटर अंतर ठेवलं. ऐकायला बसलो आणि मान जरा खाली-वर केली की गायिकेच्या 'स'चा पोत बदलायचा. फळी टाकून दिली. दुसऱ्या फळीवर ड्रायव्हरच्या कडा एकमेकींना टेकवल्या, अंतर साडेआठवर आलं आणि गडबड तीन हजार हर्ट्झच्या आसपास होती ती चार हजारांच्या वर सरकली. ती पूर्ण जात नाही. तीन मीटरवर बसलेल्या माणसापर्यंत दोन मीटर उंच रेघेच्या टोकांचा आवाज मधल्यापेक्षा १६ सेंटिमीटर जास्त चालून येतो. १०,००० हर्ट्झला हे अंतर साडेचार तरंगलांब्यांहून जास्त. म्हणून वरचे सूर एकमेकांना खाऊन आपोआप मंद पडतात आणि ते इक्वलायझरने उचलावे लागतात. पूर्वी हे काम महाग होतं. आज ते छोट्या डीएसपी पेटीत (आवाजावर डिजिटल प्रक्रिया करणाऱ्या) किंवा लॅपटॉपमध्ये होतं.

त्यावर आणखी एक उपाय आहे, तोही बाहेरून आलेला. अमेरिकन नौदलासाठी पाण्याखालच्या सोनारवर संशोधन करताना १९७८ मध्ये रॉजर्स आणि व्हॅन ब्युरन यांनी वक्र पृष्ठभागावर, कडांकडे जोर कमी करत नेण्याची रचना मांडली होती, जिचा झोत जवळपास सगळ्या सुरांना सारखाच रुंद राहतो. २००० मध्ये स्पीकर-अभियंते डॉन कील यांनी ती स्पीकरसाठी वापरली. त्यांच्या पुढच्या रचनांत खांब जमिनीवर उभा राहून वर मागे झुकतो आणि जमिनीच्या आरशात उरलेली अर्धी कमान पूर्ण होते. सुताराला सांगायचं तर फक्त दोन बाजूंच्या फळ्या सरळ न कापता वर्तुळाच्या कमानीत कापायच्या, आणि समोरची भोकं त्या वळणाला धरून पाडायची.