बंद पडलेल्या संगणकातील प्रॉडक्ट की : स्टिकरपासून सर्व्हरपर्यंत

संगणक सुरूच होत नसेल, तर त्यातली विंडोजची प्रॉडक्ट की (प्रत अधिकृत असल्याचे दाखवणारा अक्षर-अंकांचा संकेत) परत मिळवता येते का, याचे उत्तर तो संगणक कोणत्या काळातला आहे यावर ठरते, कारण ही की ठेवण्याची जागा मायक्रोसॉफ्टने वेळोवेळी बदलली आहे.

विंडोज ९५ च्या किरकोळ विक्रीच्या प्रतीत दहा अंकी कीची तपासणी नावापुरतीच होती : शेवटच्या सात अंकांच्या बेरजेला सातने भाग गेला की पुरे, त्यामुळे दहाही जागी एक टाइप केला तरी काम भागत असे. अशी की हरवली म्हणून कोणाचे काही अडण्याचे कारण नव्हते. विंडोज ९८ मध्ये पंचवीस अक्षरांची की आली, २००१ मध्ये एक्सपीबरोबर ॲक्टिव्हेशन, म्हणजे की मायक्रोसॉफ्टकडून पडताळून घेणे, आले आणि की जपून ठेवणे गरजेचे झाले. ती कॅबिनेटवरच्या किंवा लॅपटॉपच्या पोटावरच्या स्टिकरवर छापलेली असे, आणि दोन-चार वर्षांच्या वापरात नेमकी तीच अक्षरे पुसट होत.

मात्र तिची एक प्रत डिस्कवरही असे. विंडोज आपल्या नोंदी जिथे ठेवते त्या रजिस्ट्रीतल्या ‘डिजिटलप्रॉडक्टआयडी’ या नोंदीत ५३ व्या बाइटपासून पुढच्या १५ बाइट्समध्ये ही की सांकेतिक रूपात मावते, कारण तिच्यात स्वर आणि सहज गल्लत होणारी चिन्हे वगळून केवळ २४ चिन्हे वापरली जातात. रजिस्ट्रीचा हा भाग म्हणजे विंडोज फोल्डरातली ‘सॉफ्टवेअर’ नावाची एक साधी फाइल असल्याने, मदरबोर्ड, म्हणजे संगणकातला मुख्य सर्किट बोर्ड, गेला तरी डिस्क काढून दुसऱ्या संगणकाला जोडावी आणि की शोधून दाखवणाऱ्या प्रोड्युकीसारख्या प्रोग्रॅमला तो फोल्डर दाखवावा, एवढ्याने काम होत असे. यात एक मेख होती. मोठ्या कंपन्यांच्या तयार संगणकांवर कारखान्यातच एक सामायिक की टाकलेली असे. ती त्या कंपनीच्या बायोसमधील (बोर्डवरच्या, संगणक सुरू करणाऱ्या मूळ प्रोग्रॅममधील) खूण पाहूनच चालत असे आणि स्टिकरवरची की वेगळीच असे. डिस्कमधून एवढ्या खटपटीने काढलेली की दुसरीकडे चालत नाही, अशी तक्रार पुष्कळांची असे, तिचे मूळ बहुधा यात होते.

२०१२ मध्ये विंडोज ८ आल्यावर अशा तयार संगणकांच्या स्टिकरवरून की नाहीशी झाली आणि मदरबोर्डवरच्या फर्मवेअरमध्ये, म्हणजे बायोससारख्या मूळ प्रोग्रॅममध्ये, ‘एमएसडीएम’ नावाच्या तक्त्यात गेली. त्यामुळे हिशेब उलटा झाला : डिस्क पार जळाली तरी पेन ड्राइव्हवरून लिनक्स ही दुसरी ऑपरेटिंग सिस्टिम सुरू करून हा तक्ता वाचता येतो, पण बोर्ड गेला तर की त्याच्याबरोबर जाते. २०१५ मध्ये विंडोज १० चे मोफत अपग्रेड मिळाले, तेव्हा त्या संगणकांना स्वतंत्र की मिळालीच नाही; परवान्याची नोंद यंत्राच्या ओळखीसह मायक्रोसॉफ्टच्या सर्व्हरवर राहिली, आणि रजिस्ट्रीत दिसते ती असंख्य संगणकांवर सारखीच असलेली की. अशा डिस्कवर की शोधत बसण्यात अर्थ नाही. २०१६ च्या ऑगस्टमधील आवृत्तीपासून हा परवाना मायक्रोसॉफ्ट खात्याला जोडता येऊ लागला. बोर्ड बदलल्यावर तोच मार्ग उपयोगी पडतो.

ऑफिसचे तसेच झाले. २०१० च्या आवृत्तीपर्यंत पूर्ण की डिस्कवरून काढता येई, पण २०१३ पासून तिची शेवटची पाचच अक्षरे संगणकावर राहतात. ती घरातल्या कागदांपैकी की छापलेले योग्य कार्ड ओळखायला कामी येतात, तेवढीच. त्यातच डिस्क विंडोजच्या बिटलॉकर या सुविधेने कूटबद्ध असेल, तर जुन्या रीतीने रजिस्ट्रीची फाइल वाचण्याआधीसुद्धा ४८ अंकी रिकव्हरी की हाताशी असावी लागते.