सापळ्यावरचा गोंद वाळत का नाही?

गेल्या पावसाळ्यात आमच्या स्वयंपाकघरात उंदीर शिरला. कोपऱ्यावरच्या दुकानदाराने ग्लू पॅड, म्हणजे चिकट गोंद फासलेला पुठ्ठा, हातात ठेवलं आणि वर हमी दिली, "विष नाही, वास नाही, घरात लहान मुलं असली तरी काळजी नाही." रात्री ते सिंकखाली उघडून ठेवलं. सकाळी पाहतो तर त्यावर दोन झुरळं आणि एक पाल. उंदीर नव्हता. ओट्यावरचा टोमॅटो मात्र कुरतडलेला होता.

पालीचं काय झालं ते पुढे सांगतो. आधी त्या गोंदाबद्दल, कारण पुढचे चार दिवस मी उंदराऐवजी त्याच्याकडेच पाहत बसलो होतो. उघड्यावर ठेवलेला फेव्हिकॉल रात्रीत वाळून कडक होतो. हा चार दिवस उघडा असूनही पहिल्या रात्रीइतकाच चिकट.

आपण रोज वापरतो ते गोंद आधी पातळ असतात आणि मग घट्ट होतात. खळ किंवा फेव्हिकॉल यांच्यातलं पाणी उडून जातं. फेव्हिक्विकसारख्या गोंदात हवेतल्या ओलाव्यामुळे रासायनिक क्रिया होते. तिसरं एक घराणं मात्र वाळतही नाही आणि त्यात क्रियाही होत नाही, नुसतं दाबलं की चिकटतं. सेलोटेप या घराण्यातली, कपाळावरची टिकलीही याच घराण्यातली आणि ग्लू पॅडही. पॅडवर बहुधा पॉलिब्युटीन किंवा पॉलिआयसोब्युटिलीन जातीचं पॉलिमर (लांब साखळीसारख्या रेणूंचा पदार्थ) असतं, त्यात राळेसारखी रेझिनं मिसळलेली. सायकलच्या ट्यूबचं ब्युटाइल रबर जवळजवळ सगळं आयसोब्युटिलीनचंच असतं आणि च्युइंगगमच्याही काही प्रकारांत हेच पॉलिमर जातं. त्यात उडून जाण्यासारखं पाणीच नसतं, मग वाळणार काय?

पण न वाळता धरून कसं ठेवतं? गंमत इथे आहे. चिकटायचं तर पदार्थ द्रवासारखा पसरायला हवा, समोरच्या पृष्ठभागाच्या खाचाखोचांत शिरायला हवा. धरून ठेवायचं तर तो घनासारखा ताठ हवा. या दोन परस्परविरोधी अटी एकाच पदार्थाने पाळायच्या.

कंगव्यातला गुंतवळ आठवा. हलक्या हाताने, सावकाश एकेक केस ओढला तर तो सरकत सुटतो. हिसका दिला तर सगळा गुंता आवळतो. पॉलिमरचे हजारो कड्यांचे रेणू असेच एकमेकांत गुंतलेले असतात. शेजारच्या रेणूंमधून वाट काढत ते सापासारखे सरपटतात, ही कल्पना १९७१ मध्ये फ्रेंच भौतिकशास्त्रज्ञ पिएर-जिल द जेन यांनी मांडली. (त्यांना १९९१ चं भौतिकशास्त्राचं नोबेल मिळालं.) सरपटायला वेळ लागतो. वेळ दिला तर पदार्थ वाहतो, नाही दिला तर रबरासारखा ताणला जातो. म्हणजे हा गोंद द्रव की घन, या प्रश्नाला "किती वेळात?" हा प्रतिप्रश्न हेच उत्तर.

किती मऊ असलं म्हणजे चिकटतं याचा ठोकताळा थ्रीएम कंपनीतल्या कार्ल डालक्विस्ट यांनी १९६० च्या दशकात दिला: सेकंदभराच्या स्पर्शात पदार्थाचा ताठरपणा साधारण एक ते तीन लाख पास्कलच्या (पास्कल हे तो मोजायचं एकक) खाली हवा. केसांना लावायच्या रबरबँडचा दहा लाखांच्या आसपास असतो, म्हणून तो टिकलीसारखा चिकटत नाही. तापमान उतरलं की रेणूंचं सरपटणं मंदावतं आणि ताठरपणा वाढतो. थंडीत पॅड कमी चिकटतं ते यामुळे. पिठाच्या गिरणीतही ते निकामी होतं, पण तिथलं कारण साधं आहे: वर पिठाचा थर बसतो.

आता पॅडवर बोट टेकवून उचला. बोट आणि गोंद यांच्यामध्ये मधासारखे तंतू ताणले जातात. दोन पृष्ठभागांच्या सीमेवरचं आकर्षण, ज्याला व्हान डर वाल्स बल म्हणतात, ते अगदी दुबळं असतं. एक चौरस मीटर जोड सुटा करायला त्याच्या हिशेबाने एक दशांश ज्यूलही लागू नये. प्रत्यक्षात असा गोंद सोलून काढताना शेकडो ज्यूल खर्च होतात. ही सगळी ऊर्जा ते तंतू ताणण्यात जाते आणि उष्णता होऊन संपते. खरी पकड सीमेवर नाही, गोंदाच्या पोटात आहे.

उंदराचं दुर्दैव असं की तो हिसके देतो. हिसक्याला गोंद घनासारखा वागतो. एक पाय वर ओढायचा तर बाकीचे तीन खाली रेटावे लागतात, आणि रेटणं म्हणजेच त्या गोंदाला हवा असलेला दाब. मग पोटाची लव टेकते, शेवटी नाक. विष नाही हे खरं; पण भूक, तहान, दमणूक किंवा गुदमरणं यांनी मरायला काही तास लागतात, कधी दिवसही. भारतीय पशुकल्याण मंडळाने २०११ आणि २०२० मध्ये या पॅडांविरुद्ध परिपत्रकं काढली ती यासाठीच, प्राणी-क्रूरता प्रतिबंधक कायदा १९६० मधल्या कलम ११ चा आधार घेऊन. इंग्लंडमध्ये २०२४ पासून सामान्य माणसाला ती लावताच येत नाहीत.

"सुरक्षित" या शब्दालाही माझी हरकत आहे. अडकलेला, घाबरलेला उंदीर जागीच मुततो, आणि लेप्टोस्पायरोसिसचे जंतू उंदराच्या मूत्रातून पसरतात. लहान मुलांच्या घरात मला तो पुठ्ठा सिंकखालीही नको.

पण आमचा उंदीर अडकला का नाही? माझी आजी म्हणायची, उंदराचं औषध आणलं असं मोठ्याने बोलू नये, मामाला ऐकू जातं. मामाला मराठी येत नाही. उंदीर भिंतीच्या कडेने, मिशा भिंतीला लावत पळतो, आणि मी पॅड ठेवलं होतं मधोमध. मोठे उंदीर तर ओळखीच्या वाटेवर आलेली कुठलीही नवी वस्तू कित्येक दिवस टाळतात. आजीचं निरीक्षण बरोबर होतं, कारण चुकलं होतं. माणसाला ऐकू न येणाऱ्या आवाजाने उंदीर पळवण्याचा दावा करणाऱ्या, प्लगला लावायच्या "अल्ट्रासॉनिक" डब्यांपेक्षा मला आजी परवडली. त्या डब्यांच्या साठहून अधिक उत्पादकांना आणि विक्रेत्यांना अमेरिकेच्या व्यापार आयोगाने २००१ मध्येच दाव्यांचे पुरावे असू द्या म्हणून ताकीद दिली होती. उंदीर त्या आवाजाला सरावतात.

एक उंदीर पकडून तसंही फारसं साधत नाही. मादी साधारण तीन आठवड्यांत विते. घरात खायला आहे आणि आत यायला वाट आहे तोवर मोकळी झालेली जागा भरत राहते. लहान उंदराला पेन्सिलीएवढं, म्हणजे ६ मिलिमीटरचं भोक पुरतं. आमच्याकडे सिंकच्या पाइपभोवती बोटभर फट होती. तिच्यात भांडी घासायची तारेची घासणी कोंबली, वरून सिमेंट लिंपलं, रात्री ओला कचरा झाकणाच्या डब्यात ठेवू लागलो. टोमॅटो शाबूत राहू लागले.

आता पाल. फणस कापायला बसणारी कोकणातली बाई आधी हाताला आणि विळीला खोबरेल चोपडते. फणसाचा चीक पाण्याला दाद देत नाही, तेलात मात्र सैल होतो. पॅडवरचं पॉलिमरही हायड्रोकार्बनच, म्हणजे तेलात मिसळणाऱ्या जातीचं. तेलाचे रेणू गुंतवळात शिरून रेणूंना एकमेकांपासून दूर करतात. मी पालीभोवतीच्या गोंदावर कणीक भुरभुरली, म्हणजे पाल पुन्हा अडकू नये, आणि थेंबथेंब तेल सोडत, अजिबात न ओढता, वीसेक मिनिटं बसून राहिलो. एकेक पाय सुटला.

पालीच्या तळव्यांवर सूक्ष्म केसांचं जंगल असतं आणि ती छताला धरून राहते ती मुख्यतः त्याच दुबळ्या व्हान डर वाल्स बलाने, गोंदाचा एक थेंबही न वापरता. तळवा ठरावीक कोनात उचलला की पकड क्षणात सुटते. माझ्या तेलाने तिचे तळवे माखले होते. ती भिंतीवर दोनदा चढली, दोनदा घसरली, आणि शेवटी जमिनीवरूनच फ्रिजमागे निघून गेली.