वयात येताना मेंदूही घडतो

आवाज फुटायच्या बऱ्याच आधी, मूल गाढ झोपेत असताना वयात येण्याची सुरुवात होते. मेंदूच्या तळाशी असलेल्या हायपोथॅलॅमसमधून रात्री ठरावीक अंतराने एका संप्रेरकाचे झोत सुटू लागतात. त्याने पीयूषिका ग्रंथी जागी होते आणि ती वृषणांना किंवा बीजांडकोशांना कामाला लावते. मग त्यांतून पाझरणारी टेस्टोस्टेरॉन, इस्ट्रोजेन ही संप्रेरकं रक्तातून फिरत पुन्हा मेंदूतच पोचतात.

दहावीतलं पोर चिडचिड करू लागलं की आपण सहज म्हणतो, "हार्मोन्स आहेत, होईल शांत." जणू वळवाची सर आहे, पडून जाईल. मला हे वाक्य खटकतं. ही संप्रेरकं मेंदूला नुसती ढवळून जात नाहीत, त्याची बांधणीच बदलतात.

शास्त्रज्ञांनाही हे उशिरा कळलं. 1959 साली कॅन्सस विद्यापीठात गिनीपिगवर झालेल्या प्रयोगांनंतर असं मानलं जाई की मेंदूची घडण गर्भातच उरकते आणि वयात आल्यावर संप्रेरकं फक्त बटण दाबतात. मिशिगनमध्ये शेरिल सिस्क यांच्या प्रयोगशाळेने हॅमस्टरवर हे तपासलं. हा उंदरासारखा प्राणी. नराच्या दोन्ही कुशींवर गंधग्रंथी असतात आणि त्या भिंतीला घासून तो आपली हद्द आखतो. काही नरांची वृषणं वयात येण्याआधी काढली, काहींची नंतर. मोठेपणी दोन्ही गटांना टेस्टोस्टेरॉन सारखंच दिलं. ज्यांना ते कोवळ्या वयात मिळालं नव्हतं, त्यांचं कुशी घासणं कमीच राहिलं, मादीशी वागणंही अपुरं. वेळ टळून गेली होती! पुढे 2008 मध्ये याच गटाला उंदरांत दिसलं की वयात येताना मेंदूच्या काही भागांत नव्या पेशींची भर पडते, नरांत काही जागी जास्त आणि माद्यांत दुसऱ्या जागी. आणि ही भर संप्रेरकांवर अवलंबून असते.

मुलांवर असे प्रयोग करता येत नाहीत, करूही नयेत. त्यांची फक्त नोंद ठेवता येते. 2004 साली अमेरिकेतल्या नॉर्थ कॅरोलिनामधल्या मुलांचा असा एक अभ्यास प्रसिद्ध झाला. टेस्टोस्टेरॉन जास्त आणि सोबत वाह्यात मित्रांची, अशा मुलांत बेशिस्त वर्तन अधिक आढळलं. टेस्टोस्टेरॉन तितकंच, पण मित्र धड, अशी मुलं मात्र गटाचं पुढारपण करताना दिसली.