पैसे गेले की पहिला फोन कुठे? याचं उत्तर कसं बदलत गेलं

परवा रात्री आमच्या कर्वेनगरच्या सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एका काकूंचा मेसेज आला, गाडीचं चलन म्हणून आलेली एपीके फाइल उघडली आणि खात्यातून ४० हजार गेले, आता काय करू. पटापट उत्तरं आली. कोणी म्हणे उद्या सकाळी ब्रँचला जा, कोणी म्हणे चौकीत तक्रार द्या, कोणी म्हणे आधी कार्ड ब्लॉक करा, आणि सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला, म्हणजे १९३० ला, फोन लावा हे कोणीतरी लिहीपर्यंत बावीस मिनिटं गेली होती. मला त्या लोकांना दोष द्यायचा नाहीये. "उद्या ब्रँचला जा" हे आपल्या अंगवळणी पडलंय कारण वर्षानुवर्षं तेच बरोबर उत्तर होतं. मी एका टॅक्स कन्सल्टंटच्या ऑफिसात बँकेची कामं बघते, त्यामुळे हे बदलताना जवळून बघितलंय, म्हणून लिहून ठेवतेय.

चेकबुक हरवलं की बाबा सकाळी साडेदहाला शाखेत जाऊन स्टॉप पेमेंटचा अर्ज द्यायचे आणि काम व्हायचं, कारण चेक क्लिअरिंगला जाणार, त्यात दोन-तीन दिवस जाणार. चोराला पण तेवढाच वेळ लागायचा जेवढा आपल्याला. नोव्हेंबर २००५ मध्ये एनईएफटी, म्हणजे एका बँकेतून दुसऱ्या बँकेत ऑनलाइन पैसे पाठवायची सोय, आलं तरी सुरुवातीला पैसे ठरलेल्या बॅचमध्ये, बँकेच्या वेळेतच जायचे. खरा फरक पडला २२ नोव्हेंबर २०१० ला आयएमपीएस, म्हणजे तत्काळ पैसे पाठवायची सोय, सुरू झालं तेव्हा. चोवीस तास, सुट्टीच्या दिवशी पण, आणि लगेच. मग एप्रिल २०१६ ला यूपीआय, डिसेंबर २०१९ पासून एनईएफटी पण चोवीस तास. म्हणजे पैसा रात्री अडीचला पण जायला लागला आणि तक्रार घेणारी माणसं मात्र सकाळी दहालाच येत होती. माझ्या मते फसवणुकीतला पैसा परत न मिळण्याचं मूळ या फरकात आहे, लोकांच्या बावळटपणात नाही, आणि हे मी अगदी मनापासून सांगतेय कारण फसलेल्या माणसाला आपण सगळ्यात आधी "ओटीपी दिलाच कशाला" हेच विचारतो आणि त्यात त्याची पहिली दहा मिनिटं जातात.

कायदा काय करत होता? आयटी ॲक्ट (माहिती तंत्रज्ञान कायदा) २००० चा, त्यात २००८ ची दुरुस्ती, ती ऑक्टोबर २००९ ला लागू झाली आणि दुसऱ्याचा पासवर्ड वापरणं, कॉम्प्युटर किंवा फोनवरून दुसराच कोणी असल्याचं भासवून फसवणं यासाठी ६६ सी आणि ६६ डी ही कलमं आली. पण ही शिक्षेची कलमं. पैसा अडवायचा अधिकार पोलिसांकडे होता तो जुन्या सीआरपीसीच्या (फौजदारी प्रक्रिया संहितेच्या) कलम १०२ मधून, आणि त्यात पण बँक खातं ही "मालमत्ता" धरायची का यावर कोर्टाकोर्टांत मतभेद होते, ते १९९९ साली महाराष्ट्र सरकारच्याच एका केसमध्ये सुप्रीम कोर्टाने मिटवले, हो, खातं ही मालमत्ता आहे आणि तपासात पोलीस ते गोठवू शकतात. आज खात्यातली रक्कम अडवणारे जे "होल्ड" लागतात त्यांची मुळं इथपर्यंत जातात.

पुण्याचं नाव या सगळ्यात फार लवकर आलं. एप्रिल २००५ मध्ये इथल्या एका बीपीओतल्या काही लोकांनी अमेरिकन बँक ग्राहकांशी गोड बोलून त्यांचे पिन काढून घेतले आणि लाखो डॉलर पुण्यात खोट्या नावाने उघडलेल्या खात्यांवर वळवले. पैसे जमा झालेत का हे बघायला बँकेत आलेल्यांनाच पोलिसांनी पकडलं. ते शक्य झालं कारण पैसे अजून खात्यात होते आणि माणसाला ते घ्यायला स्वतः यावं लागत होतं.

दुसरी केस २०१३ ची आणि मला ती जास्त महत्त्वाची वाटते. पुण्यातल्या वाहनांचे सुटे भाग बनवणाऱ्या एका कंपनीच्या मालकांनी फिशिंगच्या, म्हणजे खात्याची माहिती काढून घ्यायला पाठवलेल्या खोट्या, मेलला उत्तर दिलं आणि खात्यातून ८० लाखांच्या वर रक्कम गेली. आयटी ॲक्टच्या कलम ४६ खाली राज्याचे आयटी सचिव हे न्यायनिर्णय अधिकारी असतात, त्यांच्यापुढे प्रकरण गेलं आणि त्यांनी बँकेला ४५ लाख भरपाई द्यायला सांगितलं. मालकांची चूक होतीच, पण ज्या खात्यांत पैसे वळवले ती नीट तपासणी न करता उघडली गेली होती आणि ती जबाबदारी बँकेवर येते. पाच कोटींपर्यंतचे दावे तिथे नेता येतात, वकिलांनाही पुष्कळदा हे माहीत नसतं.

तरी सामान्य खातेदाराला एवढ्या लांब जावं लागू नये यासाठी काहीतरी लागतच होतं. बँकांच्या ग्राहकसेवेवरच्या दामोदरन समितीने २०११ मध्येच सुचवलं होतं की ग्राहकाची चूक नसेल तर तोटा त्याच्यावर टाकू नका. त्यानंतर सहा वर्षांनी, ६ जुलै २०१७ ला रिझर्व्ह बँकेचं परिपत्रक निघालं, आणि १४ डिसेंबर २०१७ ला सहकारी बँकांसाठी वेगळं, जे पुण्यासारख्या गावाला फार गरजेचं होतं कारण इथे घरोघरी एक तरी खातं सहकारी बँकेत असतंच. चूक ना तुमची ना बँकेची आणि तीन कामाच्या दिवसांत कळवलंत तर तुमचा तोटा शून्य. चार ते सात दिवस लागले तर मर्यादित, साध्या बचत खात्याला जास्तीत जास्त १० हजार. कळवल्यापासून दहा कामाच्या दिवसांत बँकेने रक्कम तात्पुरती जमा करायची, नव्वद दिवसांत निकाल लावायचा, आणि चूक ग्राहकाची आहे हे सिद्ध करायचं काम बँकेचं. यातलं एक वाक्य लोक वाचतच नाहीत: ओटीपी तुम्हीच दिला असेल तरी तुम्ही कळवल्यानंतर जे जाईल ते बँकेचं नुकसान. म्हणजे कळवल्याची वेळ हाच पुरावा, तो मिनिटांसकट जपून ठेवायचा.

पण त्या परिपत्रकाने पैसा अडवला जात नव्हता. २०१९ ला माझ्या मावशीचे, सहकारनगरला राहते, १ लाख १२ हजार शनिवारी दुपारी गेले. चौथा शनिवार, ब्रँच बंद. कॉल सेंटरने कार्ड ब्लॉक केलं आणि म्हणाले सोमवारी अर्ज द्या. चौकीत म्हणाले सायबरकडे जा, तिकडे म्हणाले बँकेचं शिक्का मारलेलं स्टेटमेंट आणा. सोमवारी मी मावशीला गाडीवर घेऊन दिवसभर फिरले, तिच्या हातात प्लॅस्टिकच्या पिशवीत पासबुक, आधारची झेरॉक्स आणि पाण्याची बाटली. मंगळवारी पोलिसांचा मेल बँकेला गेला, बँकेने कळवलं पैसे दुसऱ्या बँकेत गेलेत, दुसऱ्या बँकेला परत मेल, तोवर तिसरं खातं आणि तिथून एटीएम. एकही माणूस उद्धट बोलला नाही, सगळ्यांनी आपापलं काम केलं, आणि एक रुपया मिळाला नाही.

त्याच्या आदल्याच वर्षी सगळ्या पुण्याने हे मोठ्या आकड्यात बघितलं होतं. ११ ऑगस्ट २०१८, तो पण दुसरा शनिवार, कॉसमॉस बँकेच्या एटीएम स्विचवर, म्हणजे एटीएमच्या व्यवहारांना मंजुरी देणाऱ्या यंत्रणेवर, मालवेअरचा हल्ला झाला आणि काही तासांत २८ देशांतल्या एटीएममधून रोकड काढली गेली. सोमवारी १३ तारखेला स्विफ्ट या बँकांच्या आंतरराष्ट्रीय यंत्रणेवरून जवळपास १४ कोटी हाँगकाँगच्या एका खात्यात वळवले. एकूण ९४ कोटींच्या वर. यात परत मिळवता आले ते हाँगकाँगला खात्यात अडकलेले काही कोटी, कारण ते अजून खात्यात होते. एप्रिल २०२३ मध्ये पुण्याच्या कोर्टाने या केसमध्ये ११ जणांना शिक्षा सुनावली, पण ते बहुतेक एटीएमवर कार्ड घेऊन गेलेले लोक.

हे सगळं लक्षात घेऊन केंद्रीय गृहखात्याच्या आय४सी या सायबर गुन्हे समन्वय केंद्राने १ एप्रिल २०२१ ला हेल्पलाइन चालू केली, तेव्हा नंबर होता १५५२६०, आणि १७ जूनला ती अधिकृतपणे जाहीर झाली. पुढच्या वर्षी नंबर १९३० झाला. नंबरपेक्षा मागची यंत्रणा महत्त्वाची आहे. फोन घेणारा पोलीस तुमच्याकडून खातं, रक्कम, व्यवहाराचा क्रमांक आणि वेळ विचारून तिकीट तयार करतो, ते तुमच्या बँकेच्या आणि पैसे जिथे गेले त्या बँकेच्या स्क्रीनवर एकाच वेळी दिसतं. पैसे तिथे असतील तर होल्ड, पुढे गेले असतील तर ती बँक पुढचं खातं त्याच तिकिटात टाकते आणि तिकीट तिसऱ्या बँकेकडे सरकतं. मावशीच्या वेळी जे मेल चार दिवस फिरत होते तेच हे, फक्त मिनिटांत. एसएमएसवर पोचक्रमांक येतो आणि चोवीस तासांत सायबरक्राइमच्या सरकारी पोर्टलवर पूर्ण तक्रार भरायची असते, ही दुसरी पायरी अनेकांची राहून जाते.

याची दुसरी बाजू पण आहे, त्या साखळीत एखाद्या भाजीवाल्याच्या क्यूआरवर ५०० रुपये आले की त्याचं खातं अडकतं आणि त्याचा काही संबंध नसताना तो महिनोन्महिने हेलपाटे घालतो. यावर अजून खूप काम व्हायचंय. आणि फसवणूक तर वाढतेच आहे, सरकारने संसदेत दिलेल्या माहितीप्रमाणे २०२३ मध्ये ७,४६५ कोटी आणि २०२४ मध्ये २२,८४५ कोटी रुपये लोकांनी गमावले. मे २०२५ मध्ये ई-झीरो एफआयआर आलं, तेव्हा १० लाखांच्या वरची तक्रार आपोआप एफआयआर व्हायला लागली, सुरुवात दिल्लीत झाली. सुप्रीम कोर्टाने जानेवारी २०२५ मध्ये आसामच्या एका खातेदाराचे ९४ हजार परत द्यायची बँकेची जबाबदारी कायम ठेवली, त्यात त्याने चोवीस तासांच्या आत कळवलं होतं हा मुद्दा कोर्टाने धरला.

आमच्या शेजारच्या काकांचे ऑगस्ट २०२४ ला ९८ हजार गेले, वीजबिलाच्या नावाखाली. त्यांच्या मुलीने पंधरा मिनिटांत १९३० लावला, दोनदा एंगेज लागला, तिसऱ्यांदा लागला. ६१ हजार दुसऱ्या खात्यात होल्ड झाले. पण होल्ड म्हणजे परत नव्हे, त्यासाठी काकांना कोर्टात अर्ज द्यावा लागला, पूर्वी तो सीआरपीसी ४५७ खाली असायचा, आता त्या जागी आलेल्या बीएनएसएस कायद्याच्या ५०३ खाली. पोलिसांचं म्हणणं, काकांचा बाँड (हमीपत्र), मग आदेश, मग तो आदेश त्या बँकेत अशी प्रकरणं बघणाऱ्या नोडल ऑफिसरकडे. सात महिन्यांनी ६१ हजार जमा झाले. उरलेल्या ३७ हजारांपुढे त्या खात्याच्या उताऱ्यात एटीएम विड्रॉल लिहिलंय, वेळ काकांच्या मुलीचा फोन लागायच्या सहा मिनिटं आधीची.