दक्षिण छी आणि उत्तर छी: एकाच नावाची दोन अल्पायुषी घराणी

चीनच्या इतिहासातील उत्तर आणि दक्षिण राजवंशांचा काळ, म्हणजे देशाच्या दोन भागांत वेगवेगळी घराणी राज्य करीत होती तो काळ, वाचू लागलेल्या माणसाला ‘दक्षिण छी’ आणि ‘उत्तर छी’ ही नावे दिसली की, एका राज्याचे दोन तुकडे पडले असावेत आणि ते एकमेकांशी लढत असावेत, असे सहज वाटते. प्रत्यक्षात ही दोन राज्ये एकाच वेळी कधी अस्तित्वातच नव्हती. दक्षिण छीचा काळ 479 ते 502 आणि उत्तर छीचा 550 ते 577. दोघेही स्वतःला नुसते ‘छी’ म्हणवीत. दिशा पुढच्या इतिहासकारांनी जोडल्या. एकाचे राजघराणे श्याओ, दुसऱ्याचे गाओ, आणि त्यांचे परस्परांशी काही नाते नव्हते.

दक्षिण छीची राजधानी ज्यानकांग, म्हणजे आजचे नानजिंग. सेनापती श्याओ दाओछंग याने आधीच्या ल्यू सोंग घराण्याला बाजूला सारून 479 मध्ये गादी घेतली आणि तीन वर्षांतच तो वारला. त्याचा मुलगा श्याओ झे याची 482 ते 493 ही कारकीर्द या घराण्याचा एकमेव स्थिर काळ होय. पण युवराज बापाच्या आधीच गेल्यामुळे गादी तरुण नातवाकडे आली आणि संस्थापकाचा पुतण्या श्याओ ल्वान याने 494 मध्ये त्याला ठार करवले, त्याच्या धाकट्या भावाला काही महिने नावापुरते बसवले आणि मग स्वतः राज्य घेतले. आपला हक्क कच्चा आहे, हे त्याला पुरते ठाऊक होते. म्हणून संस्थापकाच्या आणि श्याओ झेच्या वंशातील राजपुत्रांना त्याने एकामागून एक संपवले. तो उदबत्ती लावून हुंदके देऊ लागला, की त्या रात्री कोणाची तरी हत्या होणार हे लोक ओळखत, अशी नोंद आहे. कृती करताना इतरांच्या मागे राहू नकोस, हा त्याचा मुलाला अखेरचा उपदेश होता.

498 मध्ये गादीवर आलेल्या त्या किशोरवयीन मुलाने, श्याओ बाओज्वानने, तो उपदेश शब्दशः पाळला. वडिलांनी नेमलेले कारभारी त्याने मारले आणि ज्या सेनापतींनी बंडे मोडली त्यांनाही सोडले नाही. अशाच एका सेनापतीचा भाऊ श्याओ येन श्यांगयांगहून सैन्य घेऊन निघाला. ज्यानकांगला वेढा पडला आणि 501 च्या अखेरीस बादशहाच्याच अधिकाऱ्यांनी त्याचा वध केला. पुढच्या वर्षी श्याओ येनने ल्यांग राजवंश स्थापन केला. तोही याच श्याओ कुळाच्या दुसऱ्या शाखेतला, आणि राजधानीही तीच राहिली.

उत्तर छीची गोष्ट मुळातच निराळी आहे. उत्तर चीनमधील पूर्व वेइ राज्याची खरी सत्ता गाओ ह्वान या सेनानायकाच्या हाती होती. त्याचा मुलगा गाओ यांग याने 550 मध्ये ती उघडपणे घेतली. ‘ये’ हे शहर राजधानी आणि जिनयांग हे लष्करी ठाणे. पीतनदीच्या खोऱ्याचा सुपीक पूर्वभाग हाती असल्याने हे राज्य पश्चिमेकडील प्रतिस्पर्धी उत्तर चौपेक्षा श्रीमंत होते. ते जिंकले गेले तेव्हा नोंदीत सुमारे 2 कोटी लोक होते. गाओ यांगने लांबलचक तटबंदी बांधली, उत्तरेच्या टोळ्यांवर स्वाऱ्या केल्या. उत्तरायुष्यात मात्र तो मद्यपानात आणि क्रौर्यात बुडाला. 559 मध्ये तो वारल्यावर मुलाची गादी वर्षभरात काकाने हिसकावली, त्याच्यामागून त्याचा भाऊ गाओ झान आला आणि त्याने 565 मध्ये आपल्या लहानग्या मुलाला, गाओ वेइला, राज्यावर बसवले.

माझ्या मते उत्तर छीचा ऱ्हास 572 या एका वर्षात सर्वांत स्पष्ट दिसतो. हूल्यू ग्वांग हा सीमेवरचा सर्वांत समर्थ सेनापती आणि गाओ वेइच्या राणीचा पिता होता. तो राज्य बळकावणार असल्याचे सुचवणारी गाणी चौच्या सेनापतीने पसरवली, दरबारातील त्याच्या शत्रूंनी त्यांत भर घातली आणि बादशहाने त्याला मारवले. ही बातमी ऐकून चौच्या बादशहाने आपल्या राज्यात कैद्यांना सर्वत्र माफी जाहीर केली. पुढच्याच वर्षी गाओ वेइने लानलिंगचा राजा, आपला चुलतभाऊ गाओ छांगगोंग, यालाही विष पाठवले. त्याच वर्षी दक्षिणेच्या चेन राज्याने ह्वाइ नदीकडचा प्रदेश घेतला. 576 मध्ये चौच्या हल्ल्यात पिंगयांग शहर पडत असताना गाओ वेइ आपल्या आवडत्या राणीसोबत शिकारीत होता. 577 च्या आरंभी, लहान मुलाला गादी देऊन चेनच्या आश्रयाला पळत असताना, तो पकडला गेला. ये शहरात शिरलेला विजेता चौ बादशहा म्हणाला की हूल्यू ग्वांग जिवंत असता तर आपण येथवर आलो नसतो.

दोन्ही घराण्यांनी आपलीच माणसे मारली, एवढ्यावरून त्यांना एका पारड्यात टाकणे मला पटत नाही. दक्षिण छीचा अंत म्हणजे एकाच राजधानीत झालेली मालकबदल होती. उत्तर छीच्या पाडावाने मात्र सारा उत्तर चीन एका हाती आला आणि त्याच पायावर चौच्या जागी आलेल्या स्वी घराण्याने 589 मध्ये दक्षिण जिंकली. स्वीने आपली दंडसंहिता रचताना चौची बाजूला ठेवून मुख्यतः या पराभूत उत्तर छीचीच 564 ची संहिता आधाराला घेतली.