रात्रीची दारू, सकाळची परांची

सकाळचे सात वाजलेत. गवंडी चौथ्या मजल्याच्या परांचीवर उभाय, रात्री बारापर्यंत प्यायलाय पण नंतर झोप काढलीये, तोंड धुतलंय, मुकादमाशी नीट बोलतोय, झोकांड्या वगैरे काही नाहीत. पायाशी पडलेला क्लॅम्प उचलायला तो वाकतो, झटकन मान वर करतो आणि क्षणभर सगळं गर्रकन फिरतं. जमिनीवर असता तर भिंतीला हात लावून सावरला असता.

हा एक क्षण मला नीट समजावून सांगायचाय, कारण "साइटवर दारू पिऊन येऊ नये" असा बोर्ड लावला की विषय संपला असं खूप जणांना वाटतं, आणि हा माणूस तर साइटवर पिऊन आलेलाच नाहीये, त्याच्या हिशेबाने त्याची कधीच उतरलीये.

आधी उतरण्याचं गणित बघू. लिव्हर दारू आपल्या ठरलेल्या वेगानेच फोडतं, रक्तातलं प्रमाण तासाला साधारण ०.०१५ टक्के कमी होतं, माणसागणिक थोडं कमीजास्त. गार पाण्याने आंघोळ करा, कॉफी प्या, घाम गाळा, वेग तोच. रात्री बाराला ०.१५ टक्के असेल तर सकाळी सातला अजून ०.०४५ उरते, आणि कित्येक देशांत गाडी चालवायची कायदेशीर मर्यादाच ०.०५ आहे. म्हणजे रात्री घेतलेली दारू हा माणूस शिडीवरून वर घेऊन चढलाय.

आता कान. आपल्या आतल्या कानात तीन अर्धगोल नळ्या असतात, त्यात द्रव असतो आणि जेलीसारखा एक पडदा असतो, डोकं फिरलं की द्रव पडद्याला ढकलतो आणि मेंदूला कळतं की आपण वळलो. एरवी द्रव आणि पडदा दोघांचं वजन सारखं असतं म्हणून नुसतं आडवं झाल्याने काही होत नाही. दारू पाण्यापेक्षा हलकी, आणि ती रक्तातून आधी पडद्यात शिरते, मग पडदा द्रवात तरंगायला लागतो आणि पिऊन आडवं झालं की खोली फिरते, हे अनेकांना माहितीये. पुढचं मात्र फार कोणी सांगत नाही. काही तासांनी दारू पडद्यातून आधी निघून जाते पण द्रवात अजून असते, आता पडदा जड पडतो आणि चक्कर उलट्या दिशेने येते, आणि हे रक्तातली दारू जवळजवळ शून्यावर आल्यावरसुद्धा काही तास चालू राहू शकतं. गेटवर मशीनमध्ये फुंकर मारली तर आकडा स्वच्छ, आणि वाकून मान वर केली की तोल गेला.

त्यात झोप. दारूने डोळा लवकर लागतो पण उत्तररात्री झोप तुकड्यातुकड्यांची होते. १९९७ मध्ये डॉसन आणि रीड या संशोधकांनी दाखवलं की सलग १७ तास जागं राहिलेल्या माणसाची हात आणि डोळ्यांचा मेळ लागणाऱ्या कामातली चपळाई रक्तात ०.०५ टक्के दारू असलेल्या माणसाइतकी खाली येते. म्हणजे डबल ड्युटी करणारा माणूस थेंबही न घेता तसाच होतो, ठेकेदारांनी हे विशेष लक्षात घ्यावं. शिवाय दारू शरीरात पाणी धरून ठेवणारं हार्मोन दाबते, जास्त लघवी होते, सकाळी कोरडं पडलेलं शरीर घेऊन माणूस उन्हात सळ्या वाकवायला उभा राहतो.

आणि माणूस पितो कशासाठी? "सवयच वाईट" म्हणून मोकळं होणं सोपं आहे. पण ज्याची कंबर रोज ठणकते, ज्याला खाडा झाला की पैसे नाहीत, जो घरापासून लांब दहा जणांच्या खोलीत राहतो, त्याच्यासाठी दारू हे सगळ्यात जवळ मिळणारं पेनकिलर आणि झोपेचं औषध असतं. मला वाटतं थांबवायचं असेल तर सुरुवात तिथून करावी लागेल. ओझं उचलायला यंत्र किंवा दुसरा माणूस द्या, पाठ दुखायला लागली की लगेच हलकं काम द्या, दुखापतीच्या सुट्टीचा पगार कापू नका, हे सगळं व्यसनमुक्तीचंच काम आहे, नाव वेगळं इतकंच.

पेनकिलरच्या गोळ्यांचं तर अजून भयंकर. अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्स राज्याने २०११ ते २०१५ चे मृत्यू तपासले तर बांधकाम आणि खाणकामाच्या लोकांत अफूवर्गीय, म्हणजे अफूसारखं काम करणाऱ्या औषधांच्या ओव्हरडोसने मरण्याचं प्रमाण सगळ्या कामगारांच्या सरासरीच्या सहापट निघालं. वाट बहुतेक वेळा ठरलेली असते, दुखापत, मग जोरदार पेनकिलर, मग दुखणं असताना कामावर जायचं म्हणून रोजची गोळी, मग तेवढ्याने भागत नाही. मेंदूच्या तळाशी श्वासाचा ताल धरणाऱ्या पेशी असतात, ही औषधं त्यांनाच झोपवतात, वर दारू किंवा झोपेची गोळी पडली की श्वास अजून मंदावतो. महिनाभर सोडून परत आलेला माणूस सगळ्यात धोक्यात असतो कारण सहनशक्ती उतरलेली असते आणि हात मात्र जुनाच डोस घेतो.

मग कंपन्या टेस्ट आणतात. क्रेन चालवणाऱ्याची टेस्ट व्हायलाच हवी, त्याबद्दल वाद नाही. पण गांजाचे अंश रोज ओढणाऱ्याच्या लघवीत कित्येक आठवडे सापडतात, आज तो नशेत आहे का ते त्यातून कळत नाही, आणि सापडला की हाकलला एवढंच धोरण असेल तर लोक लपवायला शिकतात. "उद्यापासून बंद, नाहीतर घरी जा" हे तर थेट धोकादायक आहे, कारण रोज भरपूर पिणाऱ्याने एकदम सोडली की काही तासांत हात थरथरतात, पहिल्या दोन दिवसांत फिट येऊ शकते, दोन ते चार दिवसांत भ्रम होऊन जीवही जाऊ शकतो. अशा माणसाला डॉक्टरच्या देखरेखीखाली सोडवायचं असतं, त्यात बी-१ व्हिटॅमिनही द्यावं लागतं. सकाळी "उतारा" घेतल्याशिवाय ज्याचे हात स्थिर होत नाहीत तो हाच माणूस, त्याला ओरडून काय होणार?

आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेने १९९६ मध्येच सांगून ठेवलंय की दारू आणि ड्रग्जचा प्रश्न कामाच्या ठिकाणी आजार म्हणून हाताळा. जागतिक आरोग्य संघटनेची ऑडिट नावाची १० प्रश्नांची साधी चाचणी आहे, ८ किंवा जास्त गुण आले की पिणं धोक्याच्या पातळीवर आहे असं धरतात, आणि त्यानंतर नर्सने पाच-दहा मिनिटं न रागावता बोललं तरी बऱ्याच जणांचं पिणं कमी होतं, चमत्कार नाही पण खरंच कमी होतं. ऑस्ट्रेलियात २००८ पासून मेट्स इन कन्स्ट्रक्शन नावाचं काम चालू आहे, मुख्य भर आत्महत्या रोखण्यावर आहे, पण पद्धत उचलण्यासारखी आहे, साइटवरच्याच कामगारांना शिकवायचं की सोबती गप्प गप्प झाला तर कसं विचारायचं आणि कुणाकडे न्यायचं. साहेबाला न सांगितलेली गोष्ट माणूस सोबत्याला सांगतो.

पगाराचंही बघा. ब्रिटनने १८८३ मध्ये दारूच्या गुत्त्यात मजुरी वाटायला कायद्याने बंदी केली, १९४९ च्या आंतरराष्ट्रीय करारातही ती आली आणि मजुरीच्या बदल्यात कडक दारू द्यायचीही मनाई झाली. म्हणजे पैसे कुठे आणि कशाच्या रूपात हातात पडतात यावर पिणं अवलंबून असतं हे तेव्हाच कळलं होतं.

आणि कुणी उठतच नसेल, घोरताना घशात घरघर होतेय, ओठ निळे पडलेत, बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या झाल्यात, तर "झोपू दे, उतरेल" म्हणून सोडून जाऊ नका. लगेच ॲम्ब्युलन्स बोलवा, श्वास चालू असेल तर कुशीवर वळवा, उलटी घशात जाणार नाही. साइटच्या फर्स्ट एड बॉक्समध्ये नालोक्सोनचा नाकात मारायचा स्प्रे असेल तर मारा, तो अफूवर्गीय औषधाला काही मिनिटांत ढकलून लावतो, दारूवर त्याचा उपयोग नाही पण चुकून दिला तरी नुकसान होत नाही. फक्त तो शुद्धीवर आला की एकटं सोडू नका, कारण स्प्रेचा असर अर्ध्या ते दीड तासात ओसरतो आणि पोटातली गोळी त्यापेक्षा जास्त वेळ टिकू शकते.